लिव्हरवरची चरबी : थेंबाला न शिवलेल्या ताईंचा रिपोर्ट



गेल्या महिन्यात आपल्या प्रभागातल्या एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. बचत जमा झाली, परतफेड झाली, मग अंतर्गत कर्जाची मागणी आली. एका ताईंनी सहा हजार मागितले. सचिव ताईंनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दवाखाना लिवा." कसला दवाखाना, कुणाचा, काही सांगेनात. नुसत्या सतरंजीचे दोरे ओढत बसल्या. गटात कुणी फार ताणलं नाही. मागणी पुढच्या बैठकीवर ठेवली.

मी गाडीला चावी लावली तशा त्या मागून आल्या आणि पिशवीतून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. पोटात दुखतंय म्हणून पित्ताच्या खड्यासाठी तपासणी केली होती. खडा निघाला नाही, पण खाली लिहिलं होतं, 'ग्रेड २ फॅटी लिव्हर'. तारीख चार महिन्यांपूर्वीची. चार महिने हा कागद त्यांनी धान्याच्या डब्याखाली ठेवला होता. नवऱ्यालासुद्धा दाखवला नव्हता.

म्हणाल्या, "मॅडम, मी जन्मात थेंबाला शिवले नाही. आन् लिव्हर खराब म्हणलं की लोक काय समजतात तुम्हाला ठावंच आहे. ह्यांचं नाव घेतील, नाहीतर माझं."

आणि ते सहा हजार? गावात पावडर विकायला आलेल्या एका माणसाने 'लिव्हर धुऊन काढणारा' तीन महिन्यांचा कोर्स सांगितला होता. त्याच्यासाठी.

त्यांना विचारून, नाव-गाव न देता हे लिहिते आहे. मी समाजकार्य शिकलेली आहे, डॉक्टर नाही. पण त्या दिवशी मला स्वतःलाही नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आधी आरोग्य केंद्रात जाऊन मॅडमना विचारलं, वाचलं, मग लिहायला बसले. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण बैठकीत आपण ते 'आरोग्यावर चर्चा झाली' एवढ्या एका ओळीत इतिवृत्तात संपवतो. यावेळी जरा बसून बोलू.

मटणवाल्याकडे 'काळीज द्या' म्हटलं की तो जे देतो ना, तेच आपलं लिव्हर. पुस्तकात त्याला यकृत म्हणतात. आपण काळीज म्हणताना हात छातीवर ठेवतो, पण ते असतं पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण दीड किलो भरतं. खाल्लेलं अन्न आतड्यात पचलं की त्यातलं बरंचसं रक्तावाटे आधी लिव्हरकडे जातं आणि मग अंगभर. म्हणजे घरात आलेला माल आधी कारभारणीच्या हातात. ती निवडते, काही आजच्याला देते, काही उद्याला ठेवते, खराब असेल ते बाजूला काढते. लिव्हर पित्त तयार करतं, औषधं आणि दारूसारखं विष फोडून बाहेर घालवतं, जखम झाल्यावर रक्त गोठावं म्हणून लागणारे घटक बनवतं. रात्री आपण उपाशी झोपतो तेव्हा साठवलेली साखर थोडी थोडी सोडतं, म्हणून पहाटे चक्कर न येता उठता येतं.

आता या कारभारणीच्या कोठीत रोज गरजेपेक्षा जास्त माल आला तर? साखर साठवायची जागा थोडीच असते. ती भरली की लिव्हर उरलेल्या साखरेची चरबी करतं. थोडी चरबी बाहेर पाठवतं, थोडी स्वतःजवळच राहते. लिव्हरमधली चरबी पाच टक्क्यांच्या वर गेली की तिला फॅटी लिव्हर म्हणतात. लक्षात घ्या, ही चरबी फक्त तेला-तुपातून आलेली नाही. चहातली साखर, मैदा, ताटभर भात, बाटलीतलं थंड पेय, या सगळ्यांची चरबी होऊ शकते. साखरेतला अर्धा भाग तर असा असतो की त्याचं काय करायचं ते मुख्यतः लिव्हरलाच बघावं लागतं. 'मी साखर सोडली, गूळ खाते' असं बऱ्याच जणी सांगतात. लिव्हरच्या हिशोबात गूळ आणि साखर जवळजवळ एकच.

दारूने लिव्हर खराब होतं हे खरंच आहे. पण दारूशिवायही हा आजार होतो आणि आज आपल्याकडे तो फार मोठ्या प्रमाणावर आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला. तेव्हा दिलेल्या माहितीप्रमाणे देशात वेगवेगळ्या पाहण्यांत ९ ते ३२ टक्के लोकांना हा त्रास आढळला होता. दहा जणींचा गट धरला तर एकीपासून तिघींपर्यंत. मधुमेह असलेल्यांत तर प्रमाण आणखी जास्त, ४० ते ८० टक्के. आधी याच्या नावातच 'दारूशिवायचा' असा शब्द होता. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी नाव बदललं आणि त्यात चयापचय, म्हणजे शरीराचा साखर-चरबीचा कारभार, हा शब्द आणला. जुनं नाव आणि 'फॅटी' हा शब्द, दोन्हींमुळे पेशंटला उगाच कमीपणा वाटतो, असंही एक कारण त्यामागे होतं. आपल्या ताईंनी रिपोर्ट डब्याखाली का ठेवला, हे त्या डॉक्टरांनाही कळलं असतं.

मग होतो कुणाला? पोटाचा घेर वाढलेल्यांना, साखर किंवा बीपी असलेल्यांना, रक्तात चरबी जास्त असलेल्यांना, घरात आई-वडिलांना मधुमेह असलेल्यांना. ज्या मुलींची पाळी पीसीओडीमुळे पुढे-मागे होते त्यांनाही धोका जास्त. आणि पाळी गेलेल्या बायकांना. पाळी असते तोवर स्त्रीच्या शरीरातले हार्मोन्स लिव्हरला थोडं सांभाळतात. पाळी बंद झाली की ते राखण कमी होतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर बसायला लागते. आपल्या मराठवाड्यात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा बीड जिल्ह्यातला प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर तिशी-पस्तिशीतच शरीर म्हातारपणाच्या हिशोबाला लागतं. ज्या ताईंचं असं ऑपरेशन झालंय त्यांनी वजन, साखर, बीपी वर्षातून एकदा तरी बघायलाच हवं. नुसती कंबर दुखते म्हणून गोळी घेऊन भागणार नाही.

बारीक बाईला होत नाही, हाही गैरसमज आहे. हातपाय काड्या आणि पोट पुढे, अशा कितीतरी जणी आपल्यात आहेत. आतली चरबी काट्यावर कळत नाही, पण टेपवर कळते. शिवणकामाचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साडेएकतीस इंचापर्यंत असावा, पुरुषाचा ९० सेंटिमीटरपर्यंत. साडीच्या निऱ्या खोचतो तिथे मोजू नका, ती जागा खाली असते. आशाताई तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात त्यात हाच घेर विचारलेला असतो. खूप जणी अंदाजाने आकडा सांगतात. पुढच्या वेळी खरा सांगा.

या आजाराची मोठी अडचण अशी की तो दुखत नाही. थोडा थकवा, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, एवढंच, आणि थकवा तर आपल्याला पाचवीलाच पुजलेला. बहुतेकींना तो असाच, दुसऱ्या कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळतो. चरबी आहे तोवर बहुतेकांचं आयुष्यभर काही बिघडत नाही. पण काहींच्या लिव्हरला त्या चरबीमुळे आतून सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे व्रण पडतात. भाजलेली जागा बरी होऊनही कडक राहते ना, तसं. व्रण फार झाले की सगळं लिव्हर गाठीगाठीचं, कडक होतं. त्याला सिरोसिस म्हणतात, आणि तिथून परत येणं अवघड. कुणाला पुढे कॅन्सरही होतो. याला वर्षं लागतात, दहा, वीस, कधी जास्त. म्हणजे घाबरून जाण्याचं कारण नाही आणि कागद डब्याखाली ठेवण्याचंही नाही.

रिपोर्टमधला 'ग्रेड' हा शब्द सगळ्यांना घाबरवतो. ग्रेड १, २, ३ म्हणजे सोनोग्राफीत चरबी किती दिसली, कमी, मध्यम, जास्त. व्रण किती पडलेत हे ग्रेड सांगत नाही, आणि पुढचा धोका मुख्यतः व्रणांवर ठरतो. त्यासाठी डॉक्टर वय आणि रक्ताच्या साध्या तपासण्या, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, यांचा मिळून एक हिशोब करतात. आकडा कमी आला तर व्रणांची शक्यता कमी. जास्त आला तर मोठ्या दवाखान्यात फायब्रोस्कॅन नावाची तपासणी करतात, सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे लिव्हर चांगलंच असं मात्र नाही. आपल्या ताईंचं नॉर्मलच आलं होतं.

आता उपाय. यावर सगळ्यांना चालेल अशी एक गोळी नाही. काही औषधं आहेत, ती कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. सगळ्यात खात्रीचा उपाय वजन. पाच टक्के वजन उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूज ओसरते, व्रणही थोडे मागे हटू शकतात. ताईंचं वजन ६८ किलो. पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आत-बाहेर, दहा टक्के म्हणजे पावणेसात. एवढंच. मैत्रिणीसारखी बारीक व्हायची गरज नाही. पण घाई नको. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तर लिव्हरला उलट त्रास होतो आणि पित्ताचे खडेही होऊ शकतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये, त्यांनी डॉक्टरांशीच बोलावं.

ताईंच्या घरी बसून आम्ही हिशोब केला. वही गटाचीच, मागची पानं. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एकट्या चहातून! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला फार तर साधारण २५ ग्रॅमच्या आसपास असावी. म्हणजे चहातच दुप्पट झाली, सणाची पोळी वेगळीच. मग तेल. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलोचा डबा. पाच हजार ग्रॅम भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, दिवसाला माणशी सुमारे ४२ ग्रॅम. तीन किलोत भागवलं तर २५ ग्रॅमवर येतं. बसून शिवणकाम करणाऱ्या बाईला तेवढं पुरे. ताई म्हणाल्या, "गटाच्या व्याजाचा पैसा न् पैसा मोजते, आन् डब्याचं कधी मोजलंच नाही."

शेतात खुरपणीला जाणाऱ्या ताई म्हणतील, आम्हाला कसला व्यायाम सांगता. बरोबर आहे, दिवसभर राबणाऱ्या बाईला मी फिरायला जा म्हणणार नाही. पण आता आपल्या बऱ्याच जणी मशीनवर बसतात, दुकान चालवतात, पापड-मसाल्याच्या युनिटला बसून निवडतात. काम भरपूर, हालचाल कमी. त्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावं. वजन उतरलं नाही तरी चालण्याने लिव्हरमधली चरबी थोडी कमी होते. संध्याकाळी बाई एकटी रस्त्याने चालली की लोक विचारतात कुठं निघाली. चौघी निघाल्या की कुणी विचारत नाही.

खाण्यात वेगळं काही महाग आणायला नको. ज्वारीची भाकरी आहेच. ती दोनची दीड करा आणि वाटीभर डाळ किंवा मटकी-हुलग्याची उसळ वाढवा. रानात घोळ, तांदुळजा, पाथरी, अंबाडी उगवते, ती आणा. फळ चावून खा, रस काढून नको. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीचं ताट म्हणजे पिठूळ माल, वर तेल आणि शेंगदाणे. त्यापेक्षा थोडी भगर आणि ताक बरं, किंवा एक रताळं. बेकरीचे टोस्ट, खारी, मुलांच्या कुरकुऱ्याच्या पुड्यातलं उरलेलं तोंडात टाकणं, हे तर आपल्याला खाल्ल्यासारखंही वाटत नाही. तसंच ताटात उरलेलं टाकायचं कसं म्हणून शेवटी बाईने संपवणं. मला वाटतं आपल्या घरांत खरी गोम इथे आहे. सगळ्यांचं उरलेलं ज्या पोटात जातं त्या पोटाची कुणी चौकशी करत नाही. आणि फक्त स्वतःसाठी वेगळी भाजी कुणी बाई करत नाही, केली तरी सासूबाई बोलतात. म्हणून बदल अख्ख्या घराच्या कढईत करावा लागतो, आणि त्यासाठी घरात सांगावं लागतं. ताईंनी आधी नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चार महिने गप कशाला बसलीस?"

आता त्या पावडरीचं. लिव्हर धुऊन काढणारी पावडर नसते, लिव्हर स्वतःच धुण्याचं काम करतं. ज्या पुड्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती पोटात घेऊ नका. त्यात काय मिसळलंय कुणाला माहीत, आणि ते फोडून बाहेर काढायचं काम पुन्हा त्याच लिव्हरला. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोकच, असं नसतं. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचा काढा रोज घेतला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. मी कुणा वैद्यांविरुद्ध बोलत नाही. शिकलेल्या वैद्यांकडून घ्या, आणि काय घेताय ते डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज चघळायची सवय असेल तर तीही सांगा.

दारूबद्दल थोडं, कारण हा विषय टाळून चालणार नाही. फॅटी लिव्हर असलेल्याने दारू अजिबात घेऊ नये, 'थोडी चालते' हे इथे लागू नाही. पण घरातला माणूस अनेक वर्षं रोज पीत असेल तर एका दिवसात बाटली फोडून बंद करायला लावू नका. एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सरकारी दवाखान्यात विचारून, औषधाच्या आधाराने सोडवा.

आणि डोळे पिवळे झाले, पोट पाण्याने फुगलं, पाय सुजले, उलटीत रक्त आलं, शौच डांबरासारखी काळी झाली, किंवा माणूस बडबडायला लागला, ओळखेना झाला, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. थेट मोठा दवाखाना, त्याच दिवशी.

पुढच्या बैठकीत ताईंनी स्वतःच रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मी तयारी करून गेले होते, पण मला फारसं बोलावंच लागलं नाही. आधी शांतता. मग समोरच्या दोघी म्हणाल्या, आमच्याही रिपोर्टात हेच आहे. एकीचा तर दोन वर्षांपूर्वीचा. सहा हजारांची मागणी ताईंनी मागे घेतली आणि रक्त तपासणी व गाडीभाड्यासाठी आठशे रुपये मागितले. ठराव झाला, कारणाच्या रकान्यात 'लिव्हर तपासणी' असं स्पष्ट लिहिलं.

तपासणी झाली. व्रणांचा हिशोब कमी आला, पण साखर थोडी वर निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दीड महिन्यात वजन ६८ वरून ६६ वर आलंय. चहा पाचवरून तीन कपांवर, साखर कपाला एक चमचा. तिसरा कप सुटत नाही म्हणतात, राहू दे.

ग्रामसंघाच्या पुढच्या मासिक बैठकीला आपापला शिवणकामाचा टेप घेऊन या. आशाताई वजनकाटा आणणार आहेत. कुणाकडे जुना रिपोर्ट पडून असेल तर तोही पिशवीत टाका.